थोडं कमी आवळा: घरच्या घरी गाडीचं काम

माझी गाडी २०१० ची स्प्लेंडर प्लस. कोल्हापुरातल्या फुलेवाडीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जायचं आणि परत यायचं, दिवसाला पंचवीसेक किलोमीटर. तिथं एका मशीन शॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. काम काय, तर दिवसभर आट्यांत गेज घालून बघायचं. गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. असल्या माणसानं स्वतःच्या गाडीच्या ड्रेन बोल्टचे आटे मोडावेत, म्हणजे काय म्हणायचं? पण मोडले.

पहिल्यांदाच घरी ऑइल बदलत होतो. बोल्ट लावला, वायसर टेकला. तेवढ्यात मनात आलं, रस्त्यात गळायला नको. म्हणून पान्याला फूटभर पाइप अडकवला आणि एक हिसका दिला. बोल्ट करकचून घट्ट झाला आणि पुढच्याच क्षणी लोण्यात सुरी फिरावी तसा मऊ फिरला. हाताला ते कळतं. पोटात गोळाच येतो. बोल्ट पोलादाचा, इंजिनाची बॉडी अॅल्युमिनियमची. दोघांची झोंबी लागली की चितपट कोण होणार हे ठरलेलंच. गाडी टेम्पोत घालून वर्कशॉपांच्या उद्यमनगरात नेली. मिस्त्रींनी भोक मोठं करून टॅप मारला, आत हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवली आणि माझ्या खिशावरचं कारखान्याचं ओळखपत्र बघून विचारलं, "तिकडं बी असंच आवळतासा व्हय?"

तेव्हापासून शेजारपाजारच्या बऱ्याच गाड्या माझ्या दारात आल्या. गल्लीतली पोरं "भाऊ, जरा बघा की" म्हणत येतात. त्यांतल्या निम्म्या गाड्यांना दुखणं असं नव्हतंच. कुणी चेन जास्त ताणली होती, कुणी ऑइल जास्त ओतलं होतं, कुणी प्लग पिळला होता, कुणी जेटनं धुतली होती. म्हणून इथं काय करायचं याच्याइतकंच, कुठं थांबायचं तेही लिहितोय.

हत्यारांचा फार पसारा लागत नाही. ८ ते १९ पर्यंतचे रिंग पाने, प्लगचा पाना, एक बरा स्क्रू ड्रायव्हर, पकड, फट मोजायचा फीलर गेज, हवेचा छोटा गेज, जुनी कढई आणि भरपूर फडकी. मल्टीमीटर असला तर सोन्याहून पिवळं. आणि गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक. ते बहुतेकांनी रद्दीत घातलेलं असतं. नसेल तर आपल्या मॉडेलचं शोधून मोबाईलमध्ये ठेवा. मी इथं देतोय ते आकडे कार्बोरेटरवाल्या १०० सीसी गाडीचे आहेत. तुमच्या गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका.

वर्षातले तीन दिवस

किलोमीटर लिहून ठेवायची शिस्त माझ्यात नाही. मी सणावारावर चालतो. मृग लागायच्या आधी एकदा, खंडेनवमीला एकदा आणि गुढीपाडव्याच्या आसपास एकदा. माझ्या रोजच्या फेऱ्या धरल्या तर दोन वेळांमध्ये सरासरी अडीच ते तीन हजार किलोमीटर पडतात. जुन्या गाडीच्या ऑइलला तेवढं पुरे.

या तीन वेळा उगीच धरलेल्या नाहीत. मृगाआधी टायर, ब्रेक आणि वायरिंग बघायचं. खंडेनवमीला पावसानं धुतलेल्या चेनचं आणि केबलचं काम. पाडव्याला एअर फिल्टर, कारण तोवर उसाचा हंगाम संपत आलेला असतो. चार महिने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून धूळ आणि पाचटाचा भुगा खात गाडी चाललेली असते. फोमचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, थोडं ऑइल चोळून, पिळून बसवायचा. कागदाचा कोरडा असेल तर नुसता हलक्या हातानं झटकायचा. तेलकट कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही. पुस्तकात दिलेल्या मुदतीला सरळ नवा घालायचा.

ऑइल बदलताना गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवा, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट उतरतं. पार फिरवून आणून लगेच बोल्ट काढाल तर हात भाजेल. गाडी डबल स्टँडवर घ्या, खाली कढई ठेवा, १७ नंबरचा पाना लावा. बोल्ट काढल्यावर दहा मिनिटं चहा पीत बसा, घाई कसली? वायसर नवा घाला. तो आठ-दहा रुपयांत मिळतो आणि गळती तोच थांबवतो, तुमचा जोर नव्हे. बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा. बोटांनी जात नसेल तर वाकडा धरलाय, काढून परत लावा. टेकला की आखूड पान्यानं, नुसत्या मनगटाच्या जोरावर घट्ट करा. खांदा वापरावासा वाटला की थांबा. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, मिळत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हा दुचाकीच्या ऑइलचा शिक्का आहे का बघा. आपल्या गाडीत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी औषधं घातलेली असतात. ती क्लचप्लेटलाही निसटती करतात. आमच्या गल्लीतल्या एकानं भावाच्या कारचं उरलेलं ऑइल वाया कशाला घालवायचं म्हणून गाडीत ओतलं. जोतिबाच्या चढाला इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना. बायको उतरून चालत वर गेली ती गुलाल लावून परत आली, तरी हा तिथंच.

दुसरी चूक म्हणजे एक लिटरचा डबा आणला म्हणून सगळा रिचवायचा. माझ्या गाडीत लिटरपेक्षा कमी बसतं. गाडी सरळ उभी करून, डिपस्टिक न पिळता नुसती टेकवून बघा. वरच्या खुणेच्या आत राहा. जास्त झालं की ऑइल घुसळून फेसाळतं, सीलमधून वाट काढतं नाहीतर एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन बसतं. जुनं ऑइल गटारीत ओतू नका, ते शेवटी पंचगंगेतच जातं. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

चालू होईना

सकाळी ड्युटीची वेळ आणि गाडी किकला दाद देत नाही. पहिली गोष्ट, सलग वीस किका मारू नका. पेट्रोल आहे का? कॉक चालू आहे का? ज्या गाडीला लाल किल स्विच आहे तिचा स्विच पोरांनी खेळता खेळता दाबलाय का? हसू नका. माझ्याकडं ढकलत आणलेली एक पल्सर मी फक्त अंगठ्यानं दुरुस्त केली आहे.

मग वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन पेट्रोल प्यायलंय. चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि तसंच आठ-दहा किका मारा. हवा जास्त गेली की आतलं ओलं वाळतं.

तरी नाही? प्लग काढा. काढण्याआधी भोवतीची धूळ फुंकून किंवा ब्रशनं साफ करा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. आता प्लगचं टोक बघा. ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. एवढी एक गोष्ट कळली की अर्धा शोध संपला.

प्लग ओला असेल तर पुसून कॅपमध्ये घाला आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. भोकावर फडकं ठेवा, प्लग इन्सुलेशनच्या पकडीनं धरा आणि किक मारा. निळी, टचटचीत ठिणगी दिसली तर बरं. पिवळी, लोळागोळा असेल किंवा काहीच नसेल तर आधी प्लग बदलून बघा, मग कॅप. कॅप वायरीवर पिळून बसवलेली असते. तिच्यात पाणी गेलेलं असतं किंवा वायरीचं टोक कुजलेलं असतं. अर्धा सेंटिमीटर वायर कापून कॅप परत पिळली की काम होतं. हा प्रयोग बीएस-६ इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाडीवर करू नका. ठिणगीला नीट अर्थिंग मिळालं नाही तर महागडा कंट्रोलर उडू शकतो. त्या गाडीत किल्ली फिरवल्यावर गाडीतल्या पेट्रोल पंपाचा 'घुंईं' आवाज येतो का आणि इंजिनाचा पिवळा दिवा जातो का, एवढं बघून मिस्त्रीला सांगा.

प्लग कोरडा असेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा छोटा ड्रेन स्क्रू सैल करा, खाली बाटली धरा. पेट्रोल आलंच नाही तर वाट कॉकमध्ये किंवा नळीत अडलीये. आलं, पण खाली पाण्याचे थेंब बसलेले दिसले, तर पाणी जाईपर्यंत गाळा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं म्हणून कौतुक आहे, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ही वाटी रिकामी करून ठेवा. हा स्क्रूही पितळेचा आणि बारीक आहे. परत लावताना टेकला की पुरे.

प्लगचा रंगही बोलतो. चहासारखा तांबूस तपकिरी असेल तर झकास. काळा, कोरड्या काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर चोंदलेला. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जळतंय, उद्यमनगरचा खर्च आला. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय. प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, फीलर गेजनं बघा. एनजीकेच्या प्लगच्या नंबरात शेवटी '-9' असेल तर तो ०.९ मिलिमीटरचा. नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत लावायचा, मग पान्यानं साधारण अर्धा फेरा. तोच जुना परत लावत असाल तर फेऱ्याचा आठवा भाग. जुन्याचा वायसर आधीच दबलेला असतो. त्याला अर्धा फेरा दिलात तर सिलिंडर हेडचे आटे हातात येतील.

एक दुखणं मात्र मला दोन रविवार पुरलं. गगनबावड्याला निघालो होतो. धुवांधार पाऊस. सात-आठ किलोमीटर गेलं की गाडी भुक्-भुक् करून बंद. पाच मिनिटं थांबलं की परत चालू. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, कॉक साफ केला. पुढच्या रविवारी तेच. शेवटी कळे गावाजवळ एका टपरीवर टाकीत पेट्रोल किती आहे बघायला झाकण उघडलं तर 'फुस्स' करून हवा आत गेली. पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली मीच प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली होती! झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तशी त्यातून हवा आत यावी लागते. ते भोक मी बंद केलं होतं. बंद टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. आपल्याकडं पावसाळ्यात निम्म्या गाड्यांना ही पिशवी दिसते. गाडी चालता चालता मरत असेल तर आधी झाकण उघडून आवाज ऐका.

चेन

चेन सैल झाली की खडखडते, म्हणून लोकांना ती ताठ आवडते. मला येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त चूक हीच. ताठ चेन आवाज करत नाही, पण मागं माणूस बसून गाडी खड्ड्यात दबली की ती आणखी ताणते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. स्टीलची पट्टी घ्या. खालच्या बाजूला, दोन दातेरी चक्रांच्या मध्यावर चेन बोटानं वर-खाली करा. एकूण हालचाल २० ते ३० मिलिमीटर हवी. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. एकीकडं ढिली, दुसरीकडं ताठ असेल तर चेन झिजलीय. मग ताठ जागेला माप जुळवायचं, ढिल्या जागेला नाही, आणि नव्या सेटचे पैसे बाजूला काढायचे. सेट म्हणजे चेन आणि दोन्ही चक्रं. नुसती चेन बदलली तर जुन्या चक्राचे वाकडे दात तिला लवकर खातात.

ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि हे कुणी सांगत नाही: चाक मागं ओढलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ताणतो. चेन केल्यावर ब्रेक पेडलचा खेळ परत जुळवायचा, २० ते ३० मिलिमीटर, आणि चाक हातानं मोकळं फिरतंय का बघायचं. नाहीतर ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो आणि तुम्ही ॲव्हरेज कमी झालं म्हणून पेट्रोल पंपाला शिव्या घालता. चेन लॉकची क्लिप काढलीच तर तिची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला यायला हवी.

साफ करायला डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश, वरून ९० नंबरचं गिअर ऑइल, जास्तीचं फडक्यानं पुसून. इंजिन बंद ठेवूनच. गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावणाऱ्याची बोटं जातात. माझ्या शिफ्टमधल्या एकाच्या उजव्या हाताला चारच बोटं आहेत, ती मशीननं नेलेली नाहीत.

हवा थंड टायरमध्ये बघायची. माझ्या गाडीला एकट्याला पुढं २५, मागं २८. मागं कुणी बसलं की मागची वाढवायची, तो आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतो. सेल्फ नुसता 'कट् कट्' करत असेल तर बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा, नंतर व्हॅसलीन. काढताना आधी वजा, लावताना शेवटी वजा. मल्टीमीटरनं बंद गाडीवर १२.६ च्या आसपास आणि चालू गाडीला रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर बॅटरी आणि चार्जिंग ठीक. डिस्क ब्रेक, क्लचप्लेट, हँडलचा कोनसेट, टॅपेट: पहिल्यांदा मिस्त्रीशेजारी बसून बघा, मग हात घाला. आणि धुताना बादली आणि मग्गाच घ्या. जेटचं पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये घुसतं आणि महिन्याभरात चाक घुरघुरतं.

गाडी पुरात गेली तर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदीकाठी राहत असाल तर ३९ ला गाडी उंचावर न्या, ४३ ची वाट बघू नका. २०२१ च्या जुलैत आंबेवाडीच्या माझ्या मेव्हण्यानं म्हशी वेळेत हलवल्या, गाडी राहिली. पाणी उतरल्यावर मी पोचलो तर तो गाडीला हात लावून उभा. "दाजी, एक किक मारून बघू?" मी "नको" म्हणेपर्यंत त्यानं मारली होती, तीही सगळा भार टाकून. किक मध्येच दगडाला आदळावी तशी अडली. त्यानं आणखी जोर लावला. मग ढकलत नेऊन गिअरमध्ये टाकून सोडली, आणि 'टक्' आवाज आला.

हवा दाबली जाते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर जायला लागला की कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचा वाकला. प्लग काढायला पाच मिनिटं लागली असती.

बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. विमा असेल तर आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, मगच हात लावा. इंजेक्शनची गाडी असेल तर इथंच थांबून टेम्पो बोलवा. कार्बोरेटरची असेल तर बॅटरीची वजा वायर काढा, प्लग काढा आणि किक हातानं हळूहळू दाबा. भोकातून पाणी पिचकारीसारखं येईल, ते थांबेपर्यंत दाबत राहा. सिलिंडरमध्ये चमचाभर नवं ऑइल सोडा. ड्रेन बोल्ट काढा. आधी पाणी येईल, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, एअर फिल्टर फेकून द्या, त्याचा डबा पुसा. प्लग कॅप, कॉइल, स्विच दोन दिवस वाळू द्या. चिखल सुकायच्या आत दोन्ही ब्रेकचे ड्रम उघडून धुवा, पण आतली पूड तोंडानं फुंकू नका.

मग नवा प्लग, नवं पेट्रोल आणि साधं स्वस्त ४टी ऑइल घालून गाडी चालू करा. रेस न देता पाच मिनिटं. बंद करून ऑइल काढा. परत दुधाळ आलं तर परत घाला, परत काढा. शेजाऱ्याच्या गाडीला आम्हाला हे तीनदा करावं लागलं, तेव्हा कुठं ऑइल ऑइलसारखं दिसलं. चौथ्यांदा चांगलं घातलं. चाकांची बेअरिंगं आज ठीक वाटतील. पंधरा दिवसांनी गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक फिरवा आणि हात फ्रेमवर ठेवा. बारीक खरखर लागली तर बदला.